कमरेला पिस्तूल, कचेरीत कागद

धाराशिवच्या स्थानिक वर्तमानपत्रांत आतल्या पानावर एक छोटी बातमी वर्षभर अधूनमधून येत राहते: जिल्ह्यात मनाई आदेश लागू. अपर जिल्हादंडाधिकारी महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 37 खाली हा आदेश काढतात. निमित्त सण असतो, जयंती असते, मोर्चा असतो, नाहीतर निवडणूक. आदेशात तलवारी, भाले, बंदुका यांच्या पंगतीला सोटे, लाठ्या आणि फेकून मारायचे दगडही बसलेले असतात. पंधरा दिवसांची मुदत संपते आणि नवे निमित्त मिळाले की नवा आदेश निघतो. लोकांना त्याची इतकी सवय झाली आहे की बातमीवर नजरही थांबत नाही.

आता जगाचे दुसरे टोक पाहू. 2024 अखेर अमेरिकेच्या 50 पैकी 29 राज्यांत सज्ञान माणूस भरलेले पिस्तूल शर्टाखाली खोचून घराबाहेर पडू शकतो, आणि त्यासाठी त्याला कोणत्याही कचेरीची पायरी चढावी लागत नाही. अर्ज, फी, बोटांचे ठसे, नेमबाजीची परीक्षा यांतले काहीच नाही. लाठीसाठी आदेश काढणारे एक सरकार आणि पिस्तुलासाठीही कागद न मागणारे दुसरे, हा फरक नुसत्या स्वभावाचा नाही. त्यामागे दोन वेगळे इतिहास आहेत, आणि त्यांतल्या एका इतिहासाची काही पाने बालाघाटाच्या डोंगररांगेत लिहिली गेली आहेत.

आधी अमेरिकेचे पाहू, कारण तिथली गोष्ट वाटते तितकी जुनी नाही. ‘अमेरिकेत पहिल्यापासून सगळ्यांच्या कमरेला पिस्तूल’ हे चित्र बरेचसे सिनेमाने रंगवलेले आहे. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात तिथल्या बहुतेक राज्यांनी छुपे हत्यार बाळगण्यावर बंदी घातली होती किंवा परवान्याची अट ठेवली होती. न्यूयॉर्कने 1911 मध्ये सुलिव्हन कायदा करून पिस्तुलाला परवाना सक्तीचा केला. अपवाद होता ईशान्येकडच्या छोट्याशा व्हरमाँट राज्याचा. तिथल्या रटलंड शहराने महापौराच्या किंवा पोलीसप्रमुखाच्या परवानगीशिवाय हत्यार बाळगू नये, असा नियम केला होता. 1903 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला. तेव्हापासून व्हरमाँटमध्ये परवाना नावाची गोष्टच नाही. पुढची शंभर वर्षे त्या राज्याकडे बाकीचे लोक एक गंमत म्हणून पाहत राहिले.

बदलाची पहिली मोठी पायरी 1987 मध्ये फ्लोरिडाने घातली. तोवर परवाना द्यायचा की नाही, हे अनेक राज्यांत अधिकाऱ्याच्या मर्जीवर असे. फ्लोरिडाने ती मर्जी काढून घेतली. अर्जदार अटींत बसत असेल तर परवाना दिलाच पाहिजे. पुढच्या दोन दशकांत हा नमुना बहुतेक राज्यांनी उचलला. मग पुढचा प्रश्न आपोआपच आला: द्यायचाच आहे तर मागायला कशाला लावता? 2003 मध्ये अलास्काने परवान्याची अट काढली. 2010 मध्ये ॲरिझोना, 2011 मध्ये वायोमिंग. 2015 नंतर मात्र रांगच लागली: कॅन्सस, मेन, आयडाहो, मिसिसिपी, मिसुरी, केंटकी, ओक्लाहोमा. वेस्ट व्हर्जिनियात 2016 मध्ये गव्हर्नरने विधेयक अडवले, तर विधिमंडळाने गव्हर्नरला डावलून ते मंजूर केले. एकट्या 2021 मध्ये टेक्सास, टेनेसी, आयोवा, युटा आणि मोंटाना या पाच राज्यांनी हा कायदा केला. फ्लोरिडात तो 1 जुलै 2023 पासून आला. दक्षिण कॅरोलायना आणि लुइझियाना 2024 मध्ये सामील झाली. लुइझियानाने अंमलासाठी 4 जुलै हा स्वातंत्र्यदिन निवडला. टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी आपल्या विधेयकावर जाहीर सही केली ती सॅन अँटोनिओतल्या अलामो या ऐतिहासिक लढाईच्या जागी. प्रतीके कुठे आणि कशी वापरायची, हे तिकडच्या पुढाऱ्यांनाही चांगले कळते.

बिनपरवाना म्हणजे बेबंद, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. दुकानातून बंदूक घेताना केंद्र सरकारच्या यादीत नाव तपासले जाते. ही संगणकी तपासणी 1998 पासून सुरू आहे. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला बंदूक ठेवताच येत नाही. फट आहे ती खासगी व्यवहारात. शेजाऱ्याने शेजाऱ्याला बंदूक विकली तर केंद्राचा कायदा तपासणी मागत नाही; काही राज्ये मागतात. नव्या कायद्यांनी काढून टाकली ती बाहेर नेतानाची चाळणी. टेक्सासात पूर्वी परवान्यासाठी चार ते सहा तासांचा वर्ग आणि गोळीबाराची परीक्षा असे. आज ज्याला हौस आहे त्याने ती द्यावी. शेजारच्या राज्यात चालणारा कागद हवा म्हणून अनेक जण देतातही.

डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी घरांना या कायद्याची ओळख विधिमंडळातल्या चर्चेपेक्षा दारावरच्या पाट्यांमुळे जास्त आहे. टेक्सासात दुकानदाराला किंवा कार्यालयाच्या मालकाला आपल्या जागेत बंदूक नको असेल, तर तशी पाटी लावावी लागते. तिचा मजकूर कायद्याने ठरवून दिला आहे, तो इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत हवा, आणि अक्षरे किमान एक इंच उंचीची हवीत. दंडसंहितेतले कलम 30.06 झाकलेल्या हत्याराचे, 30.07 उघड्या हत्याराचे, तर परवाना नसलेल्यांसाठी 30.05. आपल्याकडे ‘चपला बाहेर काढाव्यात’ लिहितात तितक्याच सहजपणे तिकडे हे आकडे काचेवर चिकटवलेले असतात. परवाना नसेल तिथे नकार देण्याची जबाबदारी अशी सरकारकडून दुकानदाराकडे सरकते. या व्यवस्थेतली ही बाजू तिच्या समर्थकांच्या भाषणांत फारशी ऐकू येत नाही.

परिणामांवर भांडण जुने आहे. जॉन लॉट या अर्थशास्त्रज्ञाने 1998 च्या पुस्तकात बंदुका वाढल्या की गुन्हे घटतात, असा दावा केला. 2004 मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने आकडेवारी तपासून सांगितले की यातून इकडचा किंवा तिकडचा निष्कर्ष निघत नाही. स्टॅनफर्डचे जॉन डोनोह्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2019 मध्ये दाखवले की हत्यार बाळगण्याचे नियम सैल केल्यावर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे, नियम सैल केले नसते तर राहिले असते त्याच्या 13 ते 15 टक्के वर गेलेले दिसतात. आज पुराव्याचे पारडे डोनोह्यूंकडे झुकलेले आहे. टेक्सास, टेनेसी आणि दक्षिण कॅरोलायनात तर खुद्द पोलीस अधिकाऱ्यांनीच या विधेयकांना विरोध केला होता, कारण रात्री रस्त्यावर गाडी थांबवणारे तेच असतात. तरीही कायदे झाले. न्यायालयही त्याच दिशेला सरकले होते. 2008 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने घरात बंदूक ठेवणे हा व्यक्तीचा हक्क मानला, आणि 23 जून 2022 च्या ब्रुएन निकालाने तो हक्क घराबाहेर आणला. शंभर वर्षे टिकलेली न्यूयॉर्कची मर्जीची पद्धत त्या दिवशी संपली.

राज्य बदलले की हत्याराचा नियम बदलतो, ही स्थिती धाराशिवच्या पणजोबांना अजिबात नवलाची वाटली नसती.

1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि त्यात आजचा लातूरही होता. लातूर वेगळा जिल्हा झाला तो 1982 मध्ये. पश्चिमेला लागून ब्रिटिशांचा सोलापूर. बार्शीहून येडशीकडे निघालेल्या माणसाला पांगरी मागे पडली की थोड्याच वेळात निजामाची हद्द लागे आणि करोडगिरीच्या नाक्यावर सामानाची झडती होई. अलीकडे 1878 चा ब्रिटिश शस्त्र कायदा. व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या या कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना मात्र मोकळे सोडले. पलीकडे निजामाचा स्वतःचा कारभार. तिथे कागदावर काय होते, यापेक्षा हत्यार कोणाच्या हाती होते हे महत्त्वाचे. एकोणिसाव्या शतकात मराठवाड्याच्या खेड्यांत अरब आणि रोहिले सशस्त्र फिरत. सरदारांचे आणि सावकारांचे पगारी बंदे म्हणून ते वसुलीला जात, आणि पगार थकला की स्वतःच सावकार होत. रोहिला दारात बसला की कर्जदाराचे घर हलत नसे. 1853 च्या तहाने काही वर्षे धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता, तेव्हा नळदुर्गात अधिकारी होता तो ठगांवरच्या कादंबरीमुळे गाजलेला मेडोज टेलर. पुढे मुलूख निजामाला परत गेला. निजामाचा दिवाण सालारजंग याने संस्थानाचा कारभार बराच सुधारला, पण हत्यारी माणूस आणि बिनहत्यारी गाव हे नाते बदलले नाही.

1947-48 मध्ये त्या नात्याची किंमत जिल्ह्याने मोजली. इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचा अध्यक्ष कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याच्या सशस्त्र स्वयंसेवकांना, म्हणजे रझाकारांना, हत्यार उघड्यावर मिरवायला कोणाचा परवाना लागत नव्हता. भाले, तलवारी, ठासणीच्या बंदुका आणि त्यांहून चांगलेही काही. संस्थानाची नाकेबंदी झाल्यावर सिडनी कॉटन नावाच्या ऑस्ट्रेलियन वैमानिकाने 1948 मध्ये कराचीहून रात्रीच्या विमानफेऱ्या करून बिदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर शस्त्रे उतरवली. उमरग्याच्या माणसाला बिदर काही लांब नव्हे. रझाकारांच्या जाचाने गावेच्या गावे हद्द ओलांडून बार्शी-सोलापूरकडे गेली. स्टेट काँग्रेसने हद्दीलगत सशस्त्र कॅम्प उभारले. धाराशिवचे फुलचंद गांधी यांच्यासारखे पुढारी त्या लढ्यात होते. कॅम्पांतून नाक्यांवर आणि ठाण्यांवर हल्ले होत. तिथल्या बंदुकांचे परवाने कोणी विचारले नसतील हे उघड आहे. सरकारच एका बाजूचे झाले की दुसरी बाजू हत्यार शोधतेच, आणि अमेरिकेत बंदुकीच्या हक्काची बाजू मांडणारे नेमके हेच सांगतात. धाराशिवपुरते बोलायचे तर त्या वर्षी त्यांचे म्हणणे खरे होते.

पण गोष्ट तिथे संपत नाही. 13 सप्टेंबर 1948 ला पहाटे भारतीय फौज सोलापूरच्या रस्त्याने संस्थानात शिरली. पहिली चकमक नळदुर्गला झाली. पहिली हैदराबाद पायदळ पलटण तिथे होती. सातव्या ब्रिगेडने वेगाने पुढे येऊन बोरी नदीवरचा पूल उडवला जाण्याआधीच ताब्यात घेतला, मग शीख पलटणीने नळदुर्गच्या मोर्च्यांवर चाल केली. सकाळी नऊच्या सुमारास चिलखती गाड्या जळकोटला होत्या आणि दुपारी उमरग्याला. 17 तारखेला निजामाने रेडिओवरून शरणागती जाहीर केली. मराठवाड्यात आजही याला ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात, आणि 17 सप्टेंबर हा मुक्तिदिन म्हणून साजरा होतो.

त्यानंतरच्या आठवड्यांविषयी मुक्तिदिनाच्या भाषणांत फारसे कोणी बोलत नाही. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या नेतृत्वाखालची पाहणी समिती 29 नोव्हेंबर ते 21 डिसेंबर 1948 या काळात संस्थानात फिरली. सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत तिने उस्मानाबादचे, म्हणजे आजच्या धाराशिवचे, नाव घातले. बाकीचे तीन गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. या चार जिल्ह्यांत मिळून किमान 18,000 माणसे मारली गेली, असा तिचा अंदाज होता. मारले गेलेले बहुतेक मुसलमान, आणि त्यांतले असंख्य रझाकार नव्हते. अहवालातली एक नोंद या लेखाच्या विषयाला थेट भिडते: फौजेने मुसलमान गावकऱ्यांची हत्यारे तत्परतेने काढून घेतली, हिंदूंकडची मात्र अनेक ठिकाणी तशीच राहिली. हा अहवाल काही दशके दडून राहिला आणि 2013 च्या सुमारास दिल्लीच्या नेहरू संग्रहालयात अभ्यासकांना पाहायला मिळू लागला.

एका वर्षाच्या आत एकाच जिल्ह्याने दोन्ही बाजू पाहिल्या. आधी एका गटाच्या हाती हत्यार होते आणि दुसरा रिकामा होता, मग बाजू उलटल्या. दोन्ही वेळा माणसे मेली. हत्यारे असावीत की नसावीत, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. कोणाकडची काढली आणि कोणाकडची सोडली, हे ठरवणारा हात कोणाचा होता, तेही पाहावे लागते.

योगायोग असा की सुंदरलाल समिती हैदराबादेत उतरली त्याच आठवड्यात दिल्लीच्या घटना समितीत हाच वाद उभा राहिला. 1 आणि 2 डिसेंबर 1948. मध्य प्रांत-वऱ्हाडचे सदस्य हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली की शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. कामतांचा आधार भक्कम होता. 1931 च्या कराची ठरावात काँग्रेसनेच नियमांच्या चौकटीत हा हक्क मागितला होता. 1930 मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांतही स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने ही एक मागणी होती. अहिंसेच्या उपासकाने बंदुकीचा परवाना मागावा, याचे आज नवल वाटते. पण 1878 च्या कायद्याची बोच शस्त्र नसण्यापेक्षा गोऱ्याला मोकळीक आणि काळ्याला बंदी, या अपमानात होती.

उत्तर द्यायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. निजामाचा हा मुलूख त्यांच्या परिचयाचा होता. 1941 मध्ये धाराशिवजवळ कसबे तडवळ्याला महार-मांग परिषदेसाठी ते येऊन गेले होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: असा सरसकट हक्क घटनेत लिहिला तर सराईत गुन्हेगारही तो मागायला उभा राहील आणि सरकारला त्याला रोखता येणार नाही. शस्त्राच्या बाबतीत हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर भर द्यावा. कामतांची दुरुस्ती पडली. आज राज्यघटनेच्या कलम 19 मध्ये शांततेने एकत्र जमण्याचा हक्क आहे आणि त्याला ‘शस्त्रांशिवाय’ ही अट जोडलेली आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका जामीन अर्जावर सुनावणी करताना सर्वोच्च न्यायालयाने बिनपरवाना बंदुकांच्या सुळसुळाटाची स्वतःहून दखल घेतली, आणि भारतात अमेरिकेसारखा मूलभूत हक्क नाही, हेही पुन्हा सांगितले.

घटनेने आणखी एक गोष्ट केली. शस्त्रे आणि दारूगोळा हा विषय केंद्राच्या सूचीत टाकला, पाचव्या क्रमांकावर. त्यामुळे जॉर्जियाचे पाहून फ्लोरिडाने करावे, तसे गुजरातचे पाहून महाराष्ट्राने करावे, अशी लाट इथे उठूच शकत नाही. बार्शी आणि येडशीत दोन कायदे असण्याचे दिवस संपले.

आजचा शस्त्र कायदा 1959 चा. अंमल 1 ऑक्टोबर 1962 पासून. धाराशिवमध्ये कोणाला रिव्हॉल्व्हर हवे असेल तर अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत जातो, कारण जिल्हाधिकारी हेच जिल्हादंडाधिकारी. तिथून तो पोलीस अधीक्षकांकडे, मग ठाण्यात. ठाण्याचा माणूस चौकशी करतो: गुन्हे दाखल आहेत का, वाद कोणाशी, जीवाला धोका खरा की सांगण्यापुरता. 2016 च्या नियमांनी त्यात प्रकृतीचा आणि मानसिक स्वास्थ्याचा दाखला आणि बंदूक हाताळण्याचे प्रशिक्षण घातले. नकार दिला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि अपील छत्रपती संभाजीनगरला विभागीय आयुक्तांकडे जाते. मिळणारा परवाना बहुधा बारा बोअरच्या बंदुकीचा किंवा .32 च्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाचा. 9 मिलिमीटर हे पोलीस-फौजेचे बोअर साध्या नागरिकाला वर्ज्य. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षांवर नेली, आणि लग्नात-मिरवणुकीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. बारा बोअरची काडतुसे ज्या खडकीच्या कारखान्यात बनतात तो 1869 चा आहे, म्हणजे लिटनच्या कायद्याहूनही जुना.

या कायद्यात कलम 14 ची एक छोटीशी ओळ वाचण्यासारखी आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. प्रत्यक्षात कमरेला रिव्हॉल्व्हर लावून तहसील कार्यालयात येणारा माणूस भूमिहीन कधी दिसला आहे का? जिल्ह्यात परवाना म्हणजे बऱ्याचदा संरक्षणापेक्षा वजन. गाडीतून उतरताना शर्ट थोडा वर सरकवायचा, खुर्चीत बसताना होल्स्टर पुढे घ्यायचे. बाकी काही बोलावे लागत नाही. परवानाधारकाने हत्यार झाकून न्यावे, मिरवू नये, हे नियमांत स्पष्ट आहे. पाळले किती जाते, ते वाचकानेच आपल्या तालुक्यात पाहावे.

शेतकऱ्यासाठीही कायद्यात जागा आहे. पिकाच्या राखणीला ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागता येतो. परंडा, भूम, वाशीकडे रानडुकरांनी आणि हरणांनी पीक उद्ध्वस्त केल्याची तक्रार दर हंगामात असते. पण बंदूक मिळाली तरी वन्यजीव कायद्यापुढे ती हरणावर चालवता येत नाही, नुसता बार काढायचा. मग कागदांच्या मागे कोण लागणार? झटका मशीन, फटाके आणि पत्र्याचे डबे यांवर राखण चालते.

हत्यारांच्या व्याख्येतून शेतीची अवजारे वगळली आहेत. उसाच्या फडात जाणाऱ्या टोळीतला प्रत्येक माणूस कोयता घेऊन निघतो आणि त्याला कोणी अडवत नाही. तोच कोयता पुण्यात मध्यरात्री दोन पोरांच्या हाती दुचाकीवर दिसला की गुन्हा. तलवारीचे उलटे आहे. ती नवरात्रात-दसऱ्याला पूजेत असते, आणि वाढदिवसाला तिने केक कापून व्हिडिओ टाकला की दुसऱ्या दिवशी ठाण्यात कलम 4, 25 लागते. महाराष्ट्रभर अशा कारवाया इतक्या होतात की पोलिसांना शोधाशोध करावी लागत नाही. आरोपी पुरावा स्वतःच प्रसिद्ध करतो.

खरी बिनपरवाना बंदूक म्हणजे गावठी कट्टा. महाराष्ट्राच्या सीमेला लागून मध्य प्रदेशातले उमर्टी हे गाव त्यासाठी कुप्रसिद्ध आहे. जळगावपासून पुण्यापर्यंतच्या गुन्ह्यांत त्याचे नाव येते. परवान्याशिवाय बंदूक सापडली तर आता दोन ते पाच वर्षे कैद. परवाना पद्धतीच्या टीकाकारांचा मुद्दा इथे येतो: कागद मागता तो सरळ माणसाला, कट्टेवाला कागद मागायला येतच नाही. मुद्दा खोटा नाही. पण बिनपरवाना पद्धत आली तर कट्टा सापडल्यावर पोलिसाच्या हातात काय उरेल, याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. अमेरिकेतला गस्तीचा पोलीस विरोध करतो तो याचमुळे.

देशात 31 डिसेंबर 2016 ला सुमारे 33.69 लाख परवाने होते. त्यातले 12.77 लाख एकट्या उत्तर प्रदेशात, महाराष्ट्रात 84,050. कायदा एक असून ही तफावत आहे, म्हणजे जिल्ह्या-जिल्ह्यातल्या टेबलावर काय होते, त्यावर बरेच ठरते. शेजारच्या बीडचेच पाहा. कळंब तालुक्याची हद्द जिथे बीडच्या केज तालुक्याला लागते, त्या बाजूला 9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या वादातून हे प्रकरण घडल्याचे तपासात पुढे आले. त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या बंदूक परवान्यांचा आकडा चर्चेत आला: बाराशेहून अधिक. गुन्हे दाखल असलेल्यांच्या कमरेलाही परवान्याची हत्यारे असल्याचे दिसले. 2025 च्या सुरुवातीला पोलिसांनी प्रस्ताव पाठवले आणि जिल्हा प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. कलम 17 चा हा अधिकार 1962 पासून होताच. तो वापरायला एका सरपंचाचा खून व्हावा लागला. पवनचक्क्या धाराशिवच्या माळांवरही उभ्या आहेत, आणि जमिनीचे व्यवहार व पैसा त्यांच्या मागोमाग येतो. इथल्या परवान्यांची छाननी तशीच वाट पाहत राहिली तर ती चूक ठरेल.

भारतात परवाना न लागणारा एक समाज आहे, तो कर्नाटकातल्या कोडगूचा. कोडवा लोकांना आणि जम्मा जमीनधारकांना बंदुकीची सूट इंग्रजांच्या काळापासून आहे. केंद्राने 2019 मध्ये ती 2029 पर्यंत वाढवली आणि 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. कोडवांच्या सणात बंदुकीची पूजा होते आणि गावात गोळीबार रोजचा नाही, म्हणून हे उदाहरण बिनपरवान्याच्या बाजूने दिले जाते. पण ती सूट एका छोट्या, एकमेकांना ओळखणाऱ्या समाजाची आहे, आणि सूट देणाऱ्यानेच मुदत घातलेली आहे. टेक्सासशी तिची तुलना ताणलेली वाटते.

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांसाठी शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. माळ्यावर किंवा कपाटामागे आजोबांची डबल बार बंदूक असेल आणि आजोबा हयात नसतील, तर त्यांच्या नावाचा परवाना घरच्यांच्या कामाचा नाही. ती बंदूक आज बिनपरवाना आहे. कायद्याच्या कलम 21 प्रमाणे ती जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी आणि पावती घ्यावी. घरात ठेवायची असेल तर 2016 च्या नियमांत वारसाच्या नावे परवाना करण्याची सोय आहे. आजोबा हयात असतील आणि वय सत्तरीला पोहोचले असेल किंवा परवाना पंचवीस वर्षांचा जुना झाला असेल, तर त्यांच्या हयातीतच वारसासाठी अर्ज करता येतो. एकाच परवानाधारकाकडे तीन बंदुका असतील, तर तिसरी जमा करण्याची मुदत डिसेंबर 2020 मध्येच संपली आहे.